वस्तुमानाच्या प्रमाणावरची गणितं : उदाहरणसंग्रहाच्या नोंदी

२ जुलै

संयुगातल्या मूलद्रव्यांच्या वस्तुमानी प्रमाणावर एक उदाहरणसंग्रह करायला घेतलाय. वाचक ठरलेला आहे : अणुवस्तुमान आणि संयुगाचं सूत्र माहीत असलेला, पण मोलपर्यंत (अणू-रेणूंची संख्या मोजायच्या एककापर्यंत) न पोचलेला विद्यार्थी.

आधी हाताशी असलेली गणितं चाळली. बहुतेक सगळी एकाच वाटेने जातात. सूत्र दिलेलं, अणुवस्तुमानं दिलेली; गुणाकार करा, प्रमाण काढा, संक्षेप द्या. यात अंकगणित आहे, रसायनशास्त्र फारसं नाही. खरी वाट उलटी होती. सूत्र कुणाच्याच हातात नव्हतं. हातात होता तराजू, आणि त्यावरच्या आकड्यांतून सूत्र शोधायचं होतं. संग्रहाची निम्मी जागा या उलट्या वाटेला द्यायची, एवढं आज ठरवलं.

४ जुलै

पहिलं उदाहरण कोणतं घ्यायचं यावर बराच विचार झाला. रूढी पाण्याची आहे, पण पाण्याचं उत्तर मुलांना पाठ असतं. त्याऐवजी सल्फर डायऑक्साइड घेतला. गंधकाचं अणुवस्तुमान ३२, ऑक्सिजनचं १६. गंधकाचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन, म्हणजे ३२ ला ३२. वस्तुमानाने १ : १, अणूंनी १ : २. हे उत्तर बघून पोरं एकदा तरी थबकतात, आणि मला तेच हवंय.

त्याच्याच खाली मॅग्नेशिअम ऑक्साइड : अणूंनी १ : १, वस्तुमानाने २४ : १६, म्हणजे ३ : २. मग मिथेन : अणूंनी कार्बन १, हायड्रोजन ४; वस्तुमानाने १२ : ४, म्हणजे ३ : १. ओळीने तीन संयुगं, आणि तिन्हींत दोन प्रमाणांचा एकमेकांशी मेळ नाही. ‘दोन्ही प्रमाणं शेजारी-शेजारी लिहा’ अशी सूचना प्रत्येक प्रश्नात ठेवली. उत्तर लिहिताना प्रमाण अणूंचं की वस्तुमानाचं हे न लिहिल्यास निम्मे गुण. थोडं कडक वाटेल, पण या विषयातला अर्धा घोळ तिथेच असतो.

५ जुलै

अणुवस्तुमानांचा तक्ता केला. हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडिअम २३, मॅग्नेशिअम २४, फॉस्फरस ३१, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, कॅल्शिअम ४०, लोह ५६, तांबे ६३.५. पूर्वार्धात एवढ्यावर भागतं. उत्तरार्धात मॅग्नेशिअम २४.३ आणि लोह ५५.८ असे घ्यायचे. कारण पुढे येईलच.

९ जुलै

‘भाग’ पद्धत. कॅल्शिअम कार्बोनेटमध्ये कॅल्शिअम ४०, कार्बन १२ आणि ऑक्सिजन ४८; संक्षेपाने १० : ३ : १२. एकूण भाग २५. म्हणजे ७५ ग्रॅममध्ये कॅल्शिअम ३० ग्रॅम, कार्बन ९ आणि ऑक्सिजन ३६. त्रैराशिक मांडत बसण्यापेक्षा ही रीत हलकी आणि तोंडी होणारी आहे. प्रत्येक उत्तराचा पडताळाही फुकट मिळतो, बेरीज ७५ यायलाच हवी.

याच गटात एक वेगळ्या धाटणीचं गणित टाकलं. ५ ग्रॅम हायड्रोजन आणि २४ ग्रॅम ऑक्सिजन यांचं पूर्ण ज्वलन झालं; पाणी किती? प्रमाण १ : ८. २४ ग्रॅम ऑक्सिजनला ३ ग्रॅम हायड्रोजन पुरतो, २७ ग्रॅम पाणी होतं आणि २ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. ‘२९ ग्रॅम’ हे उत्तर द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाचा हवाला देऊन छातीठोकपणे येतं. म्हणून प्रश्नातच पुढे विचारलंय की एकूण वस्तुमान २९ ग्रॅमच राहिलं का, आणि राहिलं असेल तर ते कशाकशाचं आहे. दोन्ही नियम एकाच गणितात गुण्यागोविंदाने नांदतात, हे त्यातून आपोआप दिसतं.

१२ जुलै

नमुन्यांची तुलना. तांब्याच्या ऑक्साइडचे तीन नमुने. पहिला २.०० ग्रॅम, त्यातून तांबे निघालं १.६० ग्रॅम. दुसरा ३.५० ग्रॅम, तांबे २.७९. तिसरा १.२५ ग्रॅम, तांबे १.११. ऑक्सिजनच्या एका भागाला तांबे किती, हे काढलं की पहिल्यात ४.०, दुसऱ्यात ३.९, तिसऱ्यात ७.९.

स्थिर प्रमाणाच्या नियमावरची (एका संयुगात मूलद्रव्यांचं वस्तुमानी प्रमाण कायम तेच) नेहमीची गणितं सगळे नमुने एकसारखे ठेवतात आणि शेवटी ‘नियम सिद्ध झाला’ असं लिहून घेतात. तिसरा नमुना मुद्दाम क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याच्या दुसऱ्या ऑक्साइडचा आहे. पहिले दोन काळे, हा लाल. त्याने नियम मोडला का? नाही, तो मुळात वेगळं संयुग आहे. पण विद्यार्थ्याला हे म्हणता येण्यासाठी दोन गोष्टी कळायला हव्यात. ४.० आणि ३.९ मधला फरक मोजणीचा आहे आणि ४ व ८ मधला फरक पदार्थाचा आहे. किती फरक दुर्लक्षायचा आणि किती मनावर घ्यायचा? या प्रश्नाभोवतीच अख्खा संग्रह फिरणार, असं आता दिसतंय.

१६ जुलै

गुणित प्रमाणाचा नियम : दोन मूलद्रव्यांची अनेक संयुगं असली, तर एकाच्या ठरावीक वस्तुमानाशी जोडलेल्या दुसऱ्याच्या वस्तुमानांत लहान पूर्णांकांचं प्रमाण असतं. कार्बनच्या दोन ऑक्साइडांवर काम भागतं, पण नायट्रोजनची पाच ऑक्साइडं असताना दोनवर समाधान मानायचं कशाला? शेकड्यांत त्यांतला नायट्रोजन असा येतो : ६३.६, ४६.७, ३६.९, ३०.४, २५.९. हे आकडे फळ्यावर लिहून पाहिले आणि सोबतच्या सहकाऱ्यांना विचारलं, काही दिसतंय का? ते म्हणाले, “उतरताहेत, एवढंच.” बरोबर आहे, शेकड्यांत एवढंच दिसतं.

आता नायट्रोजन ७ ग्रॅमवर खिळवून ठेवायचा आणि त्याच्याशी जोडलेला ऑक्सिजन काढायचा. ४, ८, १२, १६, २०. पाच पायऱ्यांचा जिना, एकही पायरी तुटलेली नाही.

आकडे तेच, मांडणी बदलली. स्थिर प्रमाणाचा नियम मांडणाऱ्या प्रूस्तच्या काळात विश्लेषणं शेकड्यांत मांडली जात. एका धातूची दोन ऑक्साइडं असतात आणि दोन्हींची घडण पक्की असते, हे त्याला ठाऊक होतं. दोन्हींतल्या ऑक्सिजनचं आपसातलं नातं मात्र शेकड्यांच्या आड राहतं. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनने अणूंच्या बाजूने विचार केला म्हणून एका मूलद्रव्याचं वस्तुमान स्थिर ठेवणं त्याला सहज सुचणारं होतं. संग्रहात हे गणित दोन टप्प्यांत ठेवलंय. आधी नुसते शेकडे देऊन ‘काय दिसतं?’ असं विचारायचं, मग ७ ग्रॅमवर आणायला लावायचं. पहिल्या टप्प्याला ‘काहीच नाही’ हे उत्तर पूर्ण गुणांचं.

एक खोच उरते. चौथ्या पायरीवर, ७ : १६ वर, दोन पदार्थ उभे आहेत. एक तपकिरी वायू, त्यात नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन. दुसरा रंगहीन, त्यात याच्या बरोबर दुप्पट. थंड केलं की तपकिरी वायू फिका पडतो, कारण रेणू जोडीजोडीने एकत्र येतात. वस्तुमानाच्या प्रमाणाला याची दादही नसते. हा मुद्दा तळटीपेत न दडवता वेगळा प्रश्न म्हणून घेतला.

२० जुलै

उलटी वाट सुरू. वस्तुमान दिलंय, सूत्र काढा. रीत सगळ्यांना माहीत असलेली : प्रत्येक मूलद्रव्याचं वस्तुमान त्याच्या अणुवस्तुमानाने भागायचं, मग सगळ्यांत लहान भागाकाराने बाकीचे भागायचे. यात मोल हा शब्द उच्चारावाही लागत नाही. ढिगाचं वस्तुमान भागिले एकाचं वस्तुमान म्हणजे ढिगातल्या नगांच्या संख्येशी प्रमाणात असलेला आकडा, एवढं पुरतं.

अडचण शेवटच्या ओळीत. लोह ७२.४ टक्के, ऑक्सिजन २७.६ टक्के. भागाकार १.२९७ आणि १.७२५; प्रमाण १ : १.३३. आता? जवळचा पूर्णांक १ आहे असं म्हणून मोकळं झालं तर लोह आणि ऑक्सिजन एकास एक. १.५ च्या जवळ म्हटलं तर दोनास तीन. तिनाने गुणलं तर तिनास चार, म्हणजे मॅग्नेटाइट. आणि तेच बरोबर. लोहाच्या दुसऱ्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे ६९.९ टक्के लोह असलेल्यात, हाच आकडा १.५० येतो. ७२.४ आणि ६९.९ मध्ये अंतर अडीच टक्क्यांचं. विश्लेषण तीन टक्क्यांनी चुकत असेल तर या दोन ऑक्साइडांत फरकच करता येणार नाही.

फॉस्फरसच्या ऑक्साइडमध्ये (४३.६ टक्के फॉस्फरस) प्रमाण १ : २.५ येतं, दुपटीने २ : ५. हे सोपं.

पूर्णांक कधी करायचा आणि कधी गुणायचं, याचा एकच नियम बहुतेक ठिकाणी छापलेला असतो : ‘पूर्णांकाच्या जवळ असेल तर पूर्णांक घ्या.’ जवळ म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही. सांगताही येणार नाही, कारण ते मोजणीवर ठरतं. म्हणून उत्तरार्धातल्या प्रत्येक गणितात वस्तुमानं किती नेमकेपणाने मोजली तेही द्यायचं, असं ठरवलं. ‘०.०१ ग्रॅमपर्यंत’ ही चार शब्दांचीही नसलेली माहिती गणित पूर्ण करते.

२३ जुलै

गणितातले आकडे मनाने रचलेले असू नयेत म्हणून प्रयोगशाळेत मॅग्नेशिअम जाळलं. फीत सँडपेपरने घासून चकचकीत केली, सैल गुंडाळी करून मुशीत ठेवली, झाकण लावलं. मॅग्नेशिअम ०.३६ ग्रॅम. तराजू ०.०१ ग्रॅमचा.

झाकण पूर्ण बंद ठेवलं तर ऑक्सिजन मिळत नाही, आणि उघडं टाकलं तर पांढरा धूर निघून जातो. तो धूर म्हणजे तयार झालेलं ऑक्साइडच. म्हणून चिमट्याने झाकणाची एक कड जराशी उचलायची, आत लखलखाट दिसला की लगेच टेकवायची. प्रयोगशाळेचं काम पाहणाऱ्या मॅडमचा हात या कामात इतका बसलाय की धुराची रेषाही बाहेर आली नाही. लखलखाट थांबल्यावर झाकण बाजूला करून दहा-एक मिनिटं कडक तापवलं, मूस पूर्ण निवू दिली. गरम मूस तराजूवर ठेवली की वर चढणाऱ्या हवेमुळे वस्तुमान कमी दाखवतं, म्हणून घाई करायची नाही.

आत राखेसारखी पांढरी पूड, पण मधूनमधून पिवळसर-करड्या छटेची. वाढ ०.२१ ग्रॅम. भागाकार करून पाहा : ०.३६ भागिले २४.३ म्हणजे ०.०१४८, ०.२१ भागिले १६ म्हणजे ०.०१३१. प्रमाण १.१३. नियम शब्दशः पाळणारा हुशार विद्यार्थी इथे आठाने गुणून ‘मॅग्नेशिअम नऊ, ऑक्सिजन आठ’ असं सूत्र देईल, आणि त्याला खोडून काढायला छापील नियमात काही नाही.

त्या करड्या छटेत उत्तर आहे. हवेत नायट्रोजन भरपूर, आणि तापलेलं मॅग्नेशिअम त्यालाही सोडत नाही, नायट्राइड बनवतं. त्यात मॅग्नेशिअमचे तीन अणू नायट्रोजनच्या दोनच अणूंना धरतात, त्यामुळे वस्तुमानाची वाढ ऑक्साइडपेक्षा कमी होते. ०.३६ ग्रॅम पूर्ण ऑक्साइड झालं तर वाढ ०.२४ ग्रॅम, पूर्ण नायट्राइड झालं तर जेमतेम ०.१४. मुशीत पाण्याचे थोडे थेंब टाकून हलकं तापवलं तशी अमोनियाची दर्प मारणारी वाफ नाकाला झोंबली. नायट्राइडचं हायड्रॉक्साइड झालं, आणि पुन्हा कडक तापवल्यावर हायड्रॉक्साइडचं ऑक्साइड. आता वाढ ०.२३ ग्रॅम. पुन्हा तापवून, निववून तोललं. आकडा हलला नाही. प्रमाण १.०३.

आता तराजूचा हिशेब. वाढ ही दोन तोलांची वजाबाकी, त्यामुळे ती ०.२१ ते ०.२५ मध्ये कुठेही असू शकते. म्हणजे अणूंचं प्रमाण ०.९५ ते १.१३ मध्ये. एवढी ऐसपैस जागा, आणि तरीही लहान पूर्णांकांचं एकच प्रमाण तिच्यात बसतं : एकास एक. दोनास एक असतं तर वाढ ०.१२ ग्रॅम आली असती, एकास दोन असतं तर ०.४७. ढोबळ तराजूवर नेमकं सूत्र मिळतं, कारण अणू अर्धा-पाव येत नाही. वस्तुमानाचं प्रमाण मात्र या प्रयोगातून १.५७ एवढंच सांगता येतं, तक्त्यातल्या १.५२ पेक्षा चांगलंच लांब. सूत्र बिनचूक, प्रमाण ढिसाळ, आणि दोन्ही एकाच तोलातून आलेलं! हे सगळं आकडे देऊन संग्रहात घेतोय, १.१३ सकट.

२४ जुलै

मोरचूद, म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवणारं कॉपर सल्फेट. २.५० ग्रॅम निळे स्फटिक मुशीत घेऊन मंद आचेवर. मुशीच्या कडेला टेकलेले दाणे आधी फिके होतात, निळा रंग मध्याकडे आकसत जातो आणि शेवटी सगळं पांढरं. आच वाढवली तर काळपट होतं, कारण मग सल्फेटच फुटून कॉपर ऑक्साइड बनू लागतं. उरले १.६० ग्रॅम, पाणी गेलं ०.९० ग्रॅम. १.६० भागिले १५९.५ (कोरड्या सल्फेटचं सूत्रवस्तुमान) आणि ०.९० भागिले १८ (पाण्याचं रेणुवस्तुमान). प्रमाण १ : ४.९८.

इथे प्रश्न उलटा विचारला : पाण्याचे रेणू पाचच ठरावेत म्हणून तूट किती ते किती चालेल? साडेचार आणि साडेपाच या सीमा धरल्या तर ०.८४ ते ०.९६ ग्रॅम. चुकायला एवढी मुभा आहे. अर्थात पांढरी पूड डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) न ठेवता हवेत निवायला ठेवली तर ती दमट हवेतलं पाणी परत घेते आणि ही मुभा खायला लागते.

२८ जुलै

एक प्रश्न असा हवा होता ज्याचं उत्तर ‘सांगता येत नाही’ असंच आहे. तो डाल्टनने दिला.

पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वस्तुमानाने १ : ८. अणुवस्तुमानं माहीत नाहीत. सूत्र काय? एकास एक म्हटलं तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट. दोनास एक म्हटलं तर १६ पट. एकास दोन म्हटलं तर ४ पट. तराजूला तिन्ही मान्य. डाल्टनने सर्वांत साधं ते खरं असं मानून एकास एक धरलं. १८०८ च्या त्याच्या यादीत ऑक्सिजन ७ आहे, कारण तेव्हाची विश्लेषणं १ : ७ च्या आसपास येत होती. अमोनियालाही त्याने एकास एकच धरलं आणि नायट्रोजन ५ लिहिला.

कोंडी तराजूने फुटली नाही, आकारमानाने फुटली. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवलं की हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक आकारमान मिळून वाफेचे दोन आकारमान होतात. १८११ मध्ये आवोगाद्रोने त्याचा अर्थ लावला : वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान. तो अर्थ मान्य व्हायला १८६० ची कार्ल्सरूहची परिषद आणि कानिझारोची चिकाटी लागली. मधली जवळजवळ पन्नास वर्षं रसायनशास्त्रज्ञ एकाच पाण्याची निरनिराळी सूत्रं लिहीत होते, आणि प्रत्येकाचं वस्तुमानाचं गणित आपापल्या जागी चोख होतं.

म्हणजे आपण ज्या तक्त्यातून अणुवस्तुमान उचलतो आणि सूत्र ‘काढतो’, तो तक्ता तयार करताना कुणीतरी आधी काही सूत्रं ठरवलेली आहेत. हे मुलांना सांगावं की नाही यावर सहकाऱ्यांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, गोंधळ उडेल. माझं म्हणणं, उडू द्या. प्रश्न राहिला, पण त्यावर अवघड प्रश्नाची चांदणी आली.

२ ऑगस्ट

स्थिर प्रमाणाच्या नियमाच्या कडा. दोन गणितं.

एक. लोहाच्या एकास एक ऑक्साइडचं पुस्तकी प्रमाण ७ : २, म्हणजे ३.५. प्रत्यक्षात या पदार्थाच्या स्फटिकात लोहाच्या काही जागा रिकाम्याच राहतात आणि ऑक्सिजनच्या १०० अणूंमागे लोहाचे सुमारे ९५ भरतात, प्रमाण ३.३ च्या घरात येतं. प्रूस्तचा समकालीन रसायनशास्त्रज्ञ बर्थोले म्हणायचा की संयुगाची घडण बदलू शकते, प्रूस्त म्हणायचा नाही. वाद प्रूस्तने जिंकला, तरी अशा पदार्थांना पुढे बर्थोलेचंच नाव मिळालं, बर्थोलाइड.

दोन. जड पाणी. ड्यूटेरिअमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं अणुवस्तुमान २.०१४, दोन अणूंचं ४.०२८ आणि ऑक्सिजनचं १६. प्रमाण जवळजवळ १ : ४. सूत्राच्या हिशेबाने तेही पाणीच. शिशाच्या बाबतीत तर हा फरक निसर्गातच सापडतो. युरेनिअमच्या खनिजांतलं शिसं साध्या शिशापेक्षा हलकं असल्याचं रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड्सने १९१४ मध्ये तोलून दाखवलं. त्यामुळे दोन ठिकाणच्या लेड सल्फाइडमध्ये शिशाचं वस्तुमानी प्रमाण किंचित वेगळं निघू शकतं, अणूंचं मात्र एकास एकच.

५ ऑगस्ट

६ : १ : ८. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. फॉर्माल्डिहाइड, ॲसेटिक ॲसिड आणि ग्लुकोज, तिन्हींचं प्रमाण हेच. रेणुवस्तुमान ३०, ६० आणि १८० दिलं की तिघे वेगळे होतात. छोटं गणित, फार टिप्पणी नको.

८ ऑगस्ट

शेवटचं पान. मॅग्नेशिअमच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण हवं होतं, ते हायड्रोकार्बनमध्ये मिळालं. डेकेन : कार्बन १०, हायड्रोजन २२. अनडेकेन : कार्बन ११, हायड्रोजन २४. कार्बनचा शेकडा पहिल्यात ८४.४, दुसऱ्यात ८४.५. पूर्णांक इथेही आहेत, पण ते इतके मोठे झालेत की शेजारच्या दोन सूत्रांतलं अंतर टक्क्याच्या दहाव्या भागावर आलं. मॅग्नेशिअमला ज्या तराजूने हसत-हसत सूत्र दिलं, तो इथे हात टेकतो.

प्रश्न असा लिहिला : ‘एका द्रव हायड्रोकार्बनमध्ये कार्बन ८४.४ टक्के आढळला. विश्लेषणात ०.३ टक्क्यांची चूक संभवते. याचं सूत्र डेकेनचं आहे असं म्हणता येईल का? नसेल, तर आणखी कोणती एक मोजणी मागाल?’ उत्तरसूचीत : नाही; रेणुवस्तुमान, कारण १४२ आणि १५६ यांत गल्लत होण्यासारखं काही नाही. ‘अवघड’ अशी खूण केली आणि कच्ची प्रत तपासायला दिली.